मास्तरांचा सिंथ

“काकू, मास्तरनं मशीन कोठे गयं?”

नवनीत दारातच थबकला होता. एका हातात पपईची पिशवी, दुसरा हात चौकटीवर. खिडकीखालच्या लोखंडी पेटीवर इतकी वर्षं जे असायचं ते आज नव्हतं. मास्तरांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, तिथे गोधड्यांची घडी रचून ठेवली होती.

“जामसिंग लई गया,” अनुसयाबाई म्हणाल्या. लसूण सोलता सोलताच त्या बोलल्या, मानही वर केली नाही. “तू बठ ना. च्या करस.”

“लई गया म्हंजे? दुरुस्तीले?”

“नही रे. दिधं त्याले मी.”

नवनीत सतरंजीवर बसला. पिशवी मांडीवरच राहिली. खाली शहाद्याचा बाजार भरला होता, कांद्याच्या टेम्पोवरचा भोंगा एकसारखा ओरडत होता.

हिंमतराव मास्तरांचा ऑर्केस्ट्रा एके काळी तळोद्यापासून दोंडाईच्यापर्यंत गाजत होता. पट्ट्यांचं कुठलंही वाद्य दिसलं की आपल्याकडे लोक त्याला सरसकट कॅसिओ म्हणून मोकळे होतात. मास्तरांचं वाद्य मात्र त्यातलं नव्हतं. तो खराखुरा सिंथसायझर होता. जपानी, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या, आणि पुढ्यात खुंट्यांची रांग. त्याच्या पोटात तयार आवाज भरलेले नव्हते. बासरी पाहिजे म्हणून बटण दाबलं आणि बासरी वाजली, असला मामला नाही. खुंट्या फिरवून फिरवून आवाज आपला आपणच घडवायचा. आणि त्यातही एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलायची एकच. मास्तरांच्या आखातातल्या मेहुण्यानं तो बोटीतून आणला होता. कार्यक्रमाच्या शेवटी मास्तर सगळ्यांना थांबवायचे आणि त्यावर स्वतःची एक धून एकट्यानं वाजवायचे. त्या धुनेला शब्द नव्हते, नावही नव्हतं. मांडवातली माणसं चपला शोधायची थांबून ती ऐकत उभी राहायची.

नवनीत तेव्हा कॉलेजात होता आणि मास्तरांच्या डाव्या हाताला दुसरा कीबोर्ड वाजवायचा. सिंथ त्याच्यापासून हातभर अंतरावर असे. हात लांबवला तर लागेल इतका जवळ. पण मास्तरांनी त्याला कधी शिवू दिला नाही. “तो तापला की सूर सोडतो,” ते म्हणायचे. “त्याला एकाच माणसाचा हात पाहिजे.” नवनीत मान डोलवायचा आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहायचा. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, मास्तर गेले. नवनीत शहाद्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला, गावची, ब्राह्मणपुरीतली शेती भावानं सांभाळली, आणि नवनीतनं घराच्या वरच्या खोलीत जुने सिंथ जमवायला सुरुवात केली. सुरतहून, इंदूरहून, धुळ्याच्या एका मिठाईवाल्याच्या माळ्यावरून. जुन्या चादरींखाली ते ओळीनं निजलेले असत. एखाद्याचं पोट नेहमीच उघडलेलं, म्हणून त्याची बायको रोहिणी त्या खोलीला ‘दवाखाना’ म्हणायची.

पण सगळे एका पारड्यात टाकले तरी त्याच्या लेखी मास्तरांच्या त्या एकाची बरोबरी होत नव्हती. तो आज ना उद्या आपल्याकडेच येणार हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. म्हणून दर बाजाराच्या दिवशी शेतातली पपई नाहीतर केळी घेऊन तो अनुसयाबाईंकडे जायचा, मशीनवरची धूळ पुसायचा आणि उठताना न चुकता सांगायचा, “काकू, चालू मात्र करू नका. जुनं शे. आतल्या आत जळी जाई.”

त्यात थोडं खरं होतं. पण मास्तरांचा तो आवाज आपल्याआधी दुसऱ्या कुणाच्या कानावर पडावा हेच त्याला सोसणारं नव्हतं. अनुसयाबाईंनी त्याचं ऐकलं होतं. मास्तर गेल्यापासून तो सिंथ मुकाच होता.

“डाक्टरले डोया दखाडाले नंदुरबारले गयथू,” अनुसयाबाई सांगत होत्या. “येतांना त्यानीच जीपमा बठनू. बोलता बोलता मास्तरना विषय निंघना. त्यानी म्हने बापना खांदावर बठीसन मास्तरनं वाजाडनं आयकेल शे, अक्कलकुव्याले. पिशवी धरीसन वर उना, मशीन देखं, आनी म्हने, माय, चालू करू का?”

“आनी तुम्ही करू दिधं?”

“मी सांगं त्याले, जळी जाई म्हनतस. तं तो म्हने, जळी गयं तं जळी गयं, माय. न बोलता पडेल शे, ते का जित्तं शे?” त्यांनी लसणाची टरफलं गोळा करून पदरात घेतली. “जळनं काही नही. जरासं घुरघुरनं, तापनं, मंग बोलाले लागनं. त्यानी मास्तरनी धून वाजाडी, नवनीत. शेवटनी. माले रडू उनं. म्हटलं, लई जाय बापा. आठे गोधड्यास्ना खाल पडी ऱ्हायापेक्षा बरं.”

“पैसा?”

“ठेवात त्यानी काही. मी मोजात नही.”

मग चहाचं आधण ठेवायला उठता उठता त्या साध्या आवाजात म्हणाल्या, “इतला वरीस तू माले आयकूच दिधं नही.”

त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून नवनीतला ते आणखीच लागलं. चहा न घेताच तो उठला.

जामसिंग हा काही त्याला नवा नव्हता. मोलगीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरचा हा माणूस अक्कलकुव्याहून प्रवासी जीप चालवायचा आणि लग्नसराईत बँडबरोबर कीबोर्ड वाजवायचा. गुजरातेत भाडं घेऊन गेला की तिथल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्रांचं टाकाऊ सामान हुडकून आणायचा. सगळ्या जिल्ह्यात असल्या जुन्या वाद्यांचं वेड असलेली माणसं दोनच, एक तो आणि एक नवनीत. त्यामुळे दोघांचं येणं-जाणं होतं, फोनवर एकमेकांना आवाज ऐकवणं होतं. नवनीतला सूर-ताल कागदावर लिहिता येत, जामसिंगला येत नसत. पण जामसिंगनं पट्टीवर बोट ठेवलं की बायाबापड्या हातातलं काम टाकून वळून बघायच्या. पोरांनी काढलेले त्याचे व्हिडिओ कॉलेजातल्या मुलांच्या फोनमध्ये वाजत. नवनीत प्रयोगशाळेत काचेची नळकांडी पुसत असताना ते त्याच्या कानावर येत. “कोण वाजाडी ऱ्हायना हाऊ?” असं तो उगाच विचारायचा. ठाऊक असूनही.

आणि आता मास्तरांचा सिंथही त्याच्याकडेच.

आठवडाभर नवनीत धुमसत राहिला. जेवताना मध्येच हात थांबायचा. शेवटी रोहिणी म्हणाली, “इतलं मनले लागी ऱ्हायनं तं एकदाव जाईसन देखी या ना.” तिला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की जीव शांत होईल.

रविवारी तो बसनं अक्कलकुव्याला उतरला आणि जामसिंगच्याच जीपमधून पाड्यावर गेला. होळी जवळ आली होती. उतारावरचे पळस तांबडे झाले होते. जामसिंग वाटभर बोलत होता. घरात तो पाड्याची भाषा बोले, बाजारात आणि नवनीतशी अहिराणी.

“भाऊ, तुमनं नाव मास्तरनी बाई कितला घेस! नवनीत नही ऱ्हाता तं मशीन भंगारमा जातं, म्हने.”

नवनीतनं खिडकीबाहेर पाहिलं.

कुडाच्या भिंतींचं घर सारवून स्वच्छ केलेलं होतं. सिंथ खाटेवर ठेवला होता, खाली नवं कोरं लुगडं. जामसिंगची बायको दिवलीबाई हसून म्हणाली की आपल्यासाठी आणलेलं लुगडं यानं मशीनला नेसवलं. जामसिंगनं बटण दाबलं, सिंथ तापेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून थांबला, आणि मग धून वाजवली.

नवनीतनं डोळे मिटले. मिटले नसते तर पाणी दिसलं असतं. तोच आवाज होता. घसा बसलेल्या माणसानं हळूहळू गळा मोकळा करावा तसा उघडत जाणारा. पण जामसिंगनं त्यात स्वतःचं काहीतरी घातलं होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो उतारावरून वाट उतरावी तसा वळसा घेत होता, आणि त्या वळशामुळे धून मास्तरांची राहूनही डोंगरातली झाली होती. मोहाच्या झाडाखालून येणाऱ्या दोन बाया टोपली डोक्यावर घेऊनच थांबल्या. समोरच्या घरातली म्हातारी उंबऱ्यावर येऊन बसली.

“आते तुम्ही, भाऊ,” जामसिंग म्हणाला आणि उठून बाजूला झाला.

या घडीची नवनीतनं उभा जन्म वाट पाहिली होती. तो बसला. पट्ट्या बोटांखाली गार लागल्या. त्यानं धून वाजवली. एकही सूर चुकला नाही, एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही. पण शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी ती निघाली. हे सगळ्यात आधी त्याचं त्यालाच ऐकू आलं. मोहवाल्या बाया चालू लागल्या. दिवलीबाई भाकरी बघायला आत गेली.

“वा भाऊ!” जामसिंग म्हणाला.

तो मनापासून म्हणाला होता. कुत्सितपणे म्हणाला असता तर नवनीतला परतीची वाट सोपी गेली असती.

“होळीले हाईच वाजाडसू,” जामसिंग निरोप देताना म्हणाला. “तुम्ही या. मास्तरनं नाव सांगसू सगळास्ले.”

बसमध्ये नवनीतला दिसत होतं ते एवढंच. होळीचा जाळ, हजारभर माणसं, मध्ये मास्तरांचा सिंथ आणि त्यावर जामसिंग. आपण गर्दीत टाचा उंचावून पाहणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लोटून घेऊन त्यानं हेमराजला फोन लावला. हेमराज म्हणजे मास्तरांचा मुलगा, पुण्यात एका कंपनीत होता. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा.

“हेमराज, तुझ्या कानावर आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून फोन केला,” नवनीत म्हणाला. तो प्रमाण मराठीत बोलत होता, कॉलेजात साहेबांशी बोलायचा तशी. त्या भाषेत बोलताना आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नसे. “मास्तरांचा सिंथसायझर आईंनी कुणाला तरी देऊन टाकला.”

“तो जुना? जाऊ द्या ना काका. अडगळच होती.”

“अडगळ नव्हे रे. परदेशात त्याची काय किंमत आहे ते मी तुला पाठवतो. बघ आणि मग ठरव. आईंना त्यातलं काही कळत नाही, लोक त्याचा फायदा घेतात. मला राहवलं नाही एवढंच.”

त्यानं पाठवलं. दहा मिनिटांत उलट फोन आला. हेमराजचा आवाज बदललेला होता.

“कोण आहे हा माणूस? कुठे राहतो?”

नवनीतनं पाड्याचं नाव सांगितलं. रस्ता नीट समजावून सांगितला.

शनिवारी हेमराज गाडी घेऊन आला आणि परस्पर मोलगीच्या रस्त्याला लागला. तिथे काय झालं हे नवनीतला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. हेमराज पोलिसांचं नाव घेऊन आला होता, आवाज चढवून बोलला. पाड्यावरची माणसं जमली. जामसिंगनं त्यांना हातानंच मागे राहायला सांगितलं. सिंथ लुगड्यात गुंडाळून त्यानं स्वतः हेमराजच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला आणि सीटचा पट्टा त्याच्यावरून ओढून लावला. परत दिलेले पैसे घ्यायला मात्र तो तयार होईना. हेमराजनं ते खाटेवर टाकले आणि गेला.

सिंथ शहाद्याला थांबलासुद्धा नाही. पुण्याला गेला आणि होळीच्या आतच परदेशातल्या कुणा हौशी माणसाला विकला गेला. “थँक्यू काका, तुमच्यामुळे कळलं,” असा हेमराजचा निरोप आला. नवनीतनं तो वाचला आणि पुसून टाकला.

दोन दिवस त्याला खरंच हलकं वाटलं. हे कबूल करायला हवं. जेवण गेलं, झोप लागली. आपल्याला नाही मिळालं तर नाही, पण त्यालाही नाही. होळीला तो गेला नाही. जामसिंगनं आपला नेहमीचा कीबोर्ड वाजवला, लोक नाचले, व्हिडिओ आले. नवनीतनं ते पाहिले आणि त्यात मास्तरांचा आवाज नाही याची खात्री करून घेतली.

मग बाजाराच्या दिवशी तो पपई घेऊन अनुसयाबाईंकडे गेला. त्यांनी दार उघडलं, पपई घेतली. “पोऱ्यानी माले इचारं बी नही,” एवढंच म्हणाल्या. ‘बठ’ म्हणाल्या नाहीत. तो जिन्यावरून खाली उतरला आणि रस्त्यावर आल्यावर पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की तो आवाज आता जगात कुठेतरी वाजेल, पण आपल्या कानावर पुन्हा कधी पडणार नाही. ज्याच्याशी हे बोलावं असा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि त्याच्याशी बोलायला त्याला तोंड नव्हतं.

तो माणूस स्वतःच आला. उन्हाळ्याची सुरुवात होती, दुपार टळत आली होती. ब्राह्मणपुरीत नवनीतच्या दारासमोर एक पिकअप थांबली आणि जामसिंग उतरला. मित्राकडून मागून आणलेली गाडी, तो म्हणाला. रोहिणीनं पाणी दिलं. नवनीत ओसरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला.

“भाऊ, मशीन गयं,” जामसिंग म्हणाला.

“आयकं मी.”

“हेमराजभाऊनं बी चुकनं नही. बापनी वस्तू शे.” त्यानं पेला खाली ठेवला. “पन एक काम शे तुमनाकडे. माले तो आवाज पायजे.”

“आते कोठून आनू मी तो?”

“तुमनी खोलीमा इंदूरवालं एक शे ना, खुट्यास्नं. त्यानावर बनाडू. मन्हाजोडे तो महिनाभरबी नव्हता, माले नीट याद नही. तुम्ही तं मास्तरना बाजूले बठेल शेत. तुमना कानमा तो आवाज आखो शे.”

नवनीतला नाही म्हणायचं होतं. पण ‘तुमना कानमा’ हे शब्द ऐकले आणि त्याचे हात शिवशिवले. दोघे वर गेले.

इंदूरच्या एका जुन्या वादकाकडून आणलेला तो सिंथ नवनीतच्या संग्रहातला सर्वांत देखणा होता. त्यानं चादर काढली. जामसिंग पट्ट्यांशी बसला, नवनीत खुंट्यांपाशी उभा राहिला. जामसिंगनं एक सूर धरला. आवाज आला तो पत्र्यासारखा, उघडा.

नवनीतनं डोळे मिटले. आता त्याच्यासमोर मांडव होता, मास्तरांचा पांढरा सदरा होता, आणि हातभर अंतरावरचा तो आवाज. इतकी वर्षं तो त्या आवाजावर जळत आला होता. जळता जळता त्यानं त्याचा कण न् कण ऐकून ठेवला होता.

“दाबीसन धर. सोडू नको.” त्यानं एक खुंटी मागे घेतली. आवाज काळवंडला. “आखो. इतला उजेड नव्हता त्यामा.” दुसरी फिरवली. “आते दुसरा सूर घे. नही, सरकना पायजे, उडी मारस तसा नही.” तिसरी. “मास्तरना तापे तव्हय जरासा उतरे. एकदम जरासा. त्यानाबिगर तो व्हवाव नही.” त्या एका सुरामागे सिंथच्या पोटात दोन आवाज जोडीनं घुमत होते, त्यातला एक त्यानं केसभर खाली आणला, आणि त्या दोघांच्या घासण्यातून एक बारीक कंप उठला.

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. चहा थंड झाला. मधूनच नवनीत ओरडे, “नही, नही, गयं!” आणि खुंटी परत मागे घेई. जामसिंग न कंटाळता तोच सूर धरून बसे. दोघांनाही घाम फुटला होता. मग एकदा नवनीतनं शेवटची खुंटी नखभर हलवली आणि हात काढून घेतला.

जामसिंग थांबला. त्यानं नवनीतकडे पाहिलं आणि धून सुरू केली.

रोहिणी पिठाच्या हातांनीच जिना चढून आली. तिचं माहेर शहाद्याचं, मास्तरांचे कार्यक्रम तिनंही ऐकलेले होते. “हाई तं मास्तरनंच शे,” ती दारातून म्हणाली.

नवनीत भिंतीला टेकला. आवाज त्याचा होता. प्रत्येक कण त्यानं घडवलेला. आणि तरीही, बोलत होता तो जामसिंगच्या बोटांतून. मास्तरांचा काळ परत आला होता आणि आपण परत बाजूला उभे आहोत, हातभर अंतरावर. त्याच्या छातीत तीच जुनी आग पेटली. धून संपली तेव्हा त्यानं पट्ट्यांकडे हात नेला. मोहवाल्या बाया आठवल्या. हात खाली घेतला.

“टोन भरी ठेवता येस का हायमा?” जामसिंगनं विचारलं.

“नही. जुनं शे. खुटी हालनी का आवाज गया.”

“मंग?”

म्हणजे हा आवाज पाहिजे असेल तर आख्खा सिंथच न्यावा लागणार होता. जामसिंगनं ते तोंडातून काढलं नाही. तो मांडीवर हात ठेवून खुंट्यांकडे पाहत बसला. खाली रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. खोलीतल्या चादरींखालची वाद्यं गप्प होती, नवनीतनं आणल्या दिवसापासून जवळजवळ सगळीच गप्प होती.

“लई जाय,” नवनीत म्हणाला. आवाज घोगरा निघाला, रागावल्यासारखा. “आठे ठेवीसन काय करू? लई जाय.”

“भाऊ, हाई तं तुमनं सगळास्मा चांगलं—”

“लई जाय म्हटलं ना!”

त्यानं ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली आणि एकेक खुंटी जागच्या जागी चिकटवून टाकली. प्रत्येक पट्टी दातानं तोडताना तो जामसिंगकडे पाहत नव्हता. दोघांनी सिंथ गादीत गुंडाळून जिन्यावरून उतरवला. रोहिणी पुढे होऊन वाटेतली चपला-भांडी सरकवत होती. पिकअपच्या हौद्यात जामसिंगनं आधीच गवत पसरलेलं होतं. म्हणजे तो रिकाम्या हातानं जायचं म्हणून आलाच नव्हता, हे नवनीतच्या लक्षात आलं, आणि त्याही क्षणी त्याला त्याचा राग आला.

जामसिंगनं सुंभाची दोरी वरून टाकली. “तठून धरा,” तो म्हणाला. नवनीतनं दुसरं टोक धरलं. गाठ मारता मारता, वाकलेल्या मानेनंच जामसिंग बोलला.

“हेमराजभाऊनी तुमनंच नाव सांगं व्हतं. त्याच दिनले.”

नवनीतच्या हातातली दोरी सैल पडली.

“घट धरा, भाऊ.”

त्यानं घट्ट धरली. “मंग तू मन्हाकडे काब्र उना?”

जामसिंगनं गाठ ओढून पाहिली. आणखी एक फेरा दिला.

“मंग कोनाकडे जाऊ?” तो म्हणाला. “ते काय व्हतं, हाई दुसरा कोनले समजी?”

त्यात माफी नव्हती आणि आरोपही नव्हता. त्यानं हात झटकले, रोहिणीला नमस्कार केला आणि गाडीत बसला. नवनीतला काहीतरी म्हणायचं होतं. होळीबद्दल, मास्तरांबद्दल, अनुसयाबाईंना एकदा नेऊन ऐकव म्हणून सांगायचं होतं. तोवर गाडी सुरू झाली.

“कव्हय आनी देई तो?” रोहिणीनं विचारलं.

“आनी देवाना नही. दिधं त्याले.”

रोहिणीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पिठाचे हात धुवायला आत गेली. नवनीत दारातच उभा राहिला. पिकअप केळीच्या बागेपलीकडे वळली, दिसेनाशी झाली. पुढे शाळेजवळ मोठा गतिरोधक होता, आणि गावात येणारी जाणारी प्रत्येक गाडी त्यावर धाडकन आदळायची. घराघरांत तो आवाज येई. नवनीत कान देऊन वाट पाहू लागला. आदळू दे, त्याच्या मनात आलं. आदळली की म्हणता येईल, याला किंमतच नाही, गमावला यानं आवाज.

इंजिनाचा आवाज उतरला. आणखी उतरला. एक चाक चढलं असावं, मग दुसरं. मधल्या शांततेत केळीची पानं तेवढी वाजली. मग गाडीनं गिअर बदलला आणि ती शहाद्याच्या रस्त्याला लागली.

आदळल्याचा आवाज आलाच नाही.